चैत्रातली भटकंती: पळस, सुरंगी, गंजिफा आणि सासूबाईंचं चैत्रांगण

रंगपेटी

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. मी पुण्यात चित्रकलेचे क्लास घेते आणि स्वतः जलरंगात काम करते हे जुन्या लोकांना माहितीय. माझं वर्ष जरा वेगळं चालतं. दिवाळीआधी ऑर्डरची कामं, पावसाळ्यात घरात बसून मोठे कागद, आणि मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असल्यामुळे क्लास रिकामे. म्हणजे झाडं फुलतात नेमकं तेव्हाच मला वेळ असतो, आणि हे माझं मी फार मोठं भाग्य समजते.

फेब्रुवारीपासून रोज सकाळी सहाला वेताळ टेकडीवर जात होते. आधी गिरिपुष्पाचा फिका गुलाबी, मग काटेसावर, पांगारा, आणि शेवटी पळस. पळसाचं एकही पान नसतं आणि काळ्या वेड्यावाकड्या फांदीवर एकदम केशरी पेटलेलं असतं. फूल हातात घेऊन बघा एकदा, पाकळी केशरी असते हे सगळ्यांना दिसतं पण ज्या वाटीतून ती निघते ती गडद, जवळजवळ काळपट तपकिरी आणि मखमलीसारखी असते, त्या काळ्यामुळेच तो केशरी इतका उठतो. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, इतकी वर्षं मी नुसता केशरी लावत होते.

पण पळस काही जमत नव्हता. दहा-बारा कागद झाले. आकाश छान यायचं, फांद्या यायच्या, फुलं लावली की सगळं मळकट. वैतागले होते. नवरा म्हणाला चल, गाडी काढू, आईलाही घेऊ, पाडवा झाला की निघू. मग मी, नवरा, लेक (नऊ वर्षांची) आणि सासूबाई (त्र्याहत्तर) असे चौघं सावंतवाडीला जाऊन आलो. पाच दिवस. त्याबद्दल लिहायचंय, आणि तुमचेही अनुभव हवेत.

वाटेत कोल्हापूरला थांबलो. टाऊन हॉलच्या बागेत डबे उघडले आणि मग आत म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं बघितली. शाहू महाराजांच्या दरबारातला हा चित्रकार, मुंबईला जेजे कलाशाळेत शिकून परत आला आणि कोटितीर्थाच्या काठी राहून आयुष्यभर तिथलं पाणी, झाडं, संध्याकाळ रंगवत राहिला. 1922 साली महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रं तळ्यात बुडवली असं सांगतात. लेकीने विचारलं, "मग ती विरघळली का?" मला उत्तर देता आलं नाही. घसा दाटून आला होता.

नंतर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय. आमच्या सासूबाईंसाठी ते पडद्यावरचे हिरो, मला ते निसर्गचित्रकार म्हणून माहीत. त्यांचं पावडर शेडिंगचं काम जवळून बघा, कोरडी पूड कागदावर घासून इतका मऊ उजेड कसा काय आणला असेल. सासूबाई प्रत्येक चित्रापुढे हात जोडल्यासारख्या उभ्या होत्या.

बाकीचं उद्या लिहिते, लेकीला झोपवायचंय.

---

सह्यवेडा

वा ताई, मस्त सुरुवात. निपाणीवरून आजरा-आंबोली गेलात का? त्या रस्त्याला मार्चअखेर कुसुमाची झाडं बघितली असतील तर सांगा. पालवीच लालभडक असते, लांबून लोकांना फुलं वाटतात. आणि आंबोलीत अंजनी फुलली होती का? तिची जांभळट-निळी फुलं फांदीला चिकटून येतात, त्यापुढे बाकी सगळं फिकं.

---

अनघा_ठाणे

आबालाल रहिमानांबद्दल शाळेत कुणी एक अक्षर सांगितलं नाही याचं खरंच वाईट वाटतं. रंगपेटी, पुढचं लवकर लिही गं. चैत्रांगणाचं शीर्षकात टाकलंयस आणि त्यावर एक शब्द नाही, मी त्याच्यासाठीच धागा उघडला.

---

रंगपेटी

@सह्यवेडा, हो तोच रस्ता, उत्तूर-आजरा करून. कुसुम भरपूर दिसला, दोन ठिकाणी गाडी थांबवली. अंजनी एकाच जागी, पण अशी की लेक म्हणाली झाडाला शाई लागलीय.

तर सावंतवाडी. मोती तलावाच्या काठाने संध्याकाळी फिरलो आणि दुसऱ्या दिवशी राजवाड्यात गेलो. गंजिफाचं काम तिथे बघायला मिळतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गंजिफा म्हणजे गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफाच्या एका संचात 120 पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतचे दहा. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू. ही कला पार संपत आली होती, ती शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारखाना सुरू करून पुन्हा उभी केली. एक मुलगी बसली होती कामाला, विशीतली असेल. वाटीएवढा गोल, त्यात दहा मासे बसवायचे, आणि तिने पेन्सिल घेतलीच नाही. बारीक ब्रश, श्वास रोखून एक रेघ, मासा. दुसरी रेघ, दुसरा मासा. मी अर्धा तास हलले नाही.

सावंतवाडीचं आणखी एक कारण होतं माझ्यासाठी. सावळाराम हळदणकर इथले, 1882 सालचा जन्म. आपल्याकडे जलरंग म्हटलं की ज्यांच्यापुढे मान वाकते ते. हातात समई घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी ती बाई, कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेली, ते चित्र त्यांचं. स्वतःच्या मुलीला उभं करून काढलेलं. आणि ते जलरंगात आहे, तैलरंगात नाही. बोटांच्या फटीतून जो लालसर उजेड येतो ना, तो पाण्याने आणलेला आहे. तिथे एक थेंब चुकला असता तर पुसायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी कुडाळजवळ पिंगुळीला गेलो. ठाकर समाजाची चित्रकथी. परशुराम गंगावणे यांना 2021 ला पद्मश्री मिळाली ते तिथलेच, घरच्या अंगणातच त्यांनी संग्रहालय केलंय. चित्रकथी म्हणजे पोथी, पण सुट्या चित्रांची. एकेक चित्र उभं धरायचं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने त्यातली कथा गाऊन सांगायची, रामायण-महाभारतातली. मोठाले डोळे, समोरासमोर उभी पात्रं, थोडेच रंग. जुनी पानं बघितली, कडा झिजलेल्या, कितीतरी रात्री कुणाच्या तरी बोटांत धरलेल्या. लेक कळसूत्री बाहुल्यांपाशी जी बसली ती उठेना. त्यांनी तिच्या हातात दोऱ्या दिल्या. बाहुलीने मान वळवली तेव्हा तिचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही.

---

मैसूरवाला

मी नोकरीनिमित्त म्हैसूरला आहे अकरा वर्षं. हळदणकरांचं ते मूळ चित्र इथे जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पण ठामपणे राजा रविवर्म्याचं समजूनच बघत होतो, बरेच जण तसंच समजतात. खालचं नाव वाचलं आणि अंगावर काटा आला, आपल्या कोकणातल्या माणसाचं. अंधाऱ्या जागेत ठेवलंय, समोर उभं राहिलं की चेहऱ्यावर खरंच दिव्याचा उजेड पडल्यासारखा वाटतो. घरी पाहुणे आले की आधी तिकडे नेतो.

---

जलधारा

रंगपेटी, तुझ्या पळसाबद्दल. मी पण जलरंगवाली, नाशिकची. तू आकाश आधी टाकून वाळल्यावर त्यावर केशरी लावतेयस ना? निळ्यावर केशरी बसला की मरणारच, ते एकमेकांचे विरोधी रंग, मिसळले की राखाडी होतात. आकाश टाकताना फुलांच्या जागा कोऱ्या सोड. हळद-कुंकवाच्या बोटांएवढ्या कोऱ्या जागा, वेड्यावाकड्याच सोड. मग त्यात आधी पातळ पिवळा, तो ओला असतानाच कॅडमियम ऑरेंज, आणि सगळ्यात शेवटी त्या काळपट वाट्या. मास्किंग फ्लुइड (कोऱ्या जागा झाकायचं ते रबरासारखं द्रव) वापरू नकोस उन्हात, तापून कागदाला असं चिकटतं की काढताना कागदाचा पापुद्राच येतो, माझा एक चांगला कागद त्यात गेला.

आणि सावलीत बस. उन्हात कागद इतका पांढरा लखलखतो की रंग उजळ वाटतात, घरी आणल्यावर चित्र काळं दिसतं. पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन टाकलंस तर एप्रिलमध्ये पण वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, लगेच न वाळता जरा दम धरतो.

---

रंगपेटी

जलधारा, तुला किती धन्यवाद देऊ! इतकं सोपं होतं आणि मी महिनाभर कागद वाया घालवले. आज सकाळी आठवणीतून करून बघितला, फुलं पेटली गं.

आता चैत्रांगण. अनघा, तुझ्यासाठी.

आम्ही राहिलो होतो ते घर गावात होतं, मागे काजूची झाडं, पुढे शेणाने सारवलेलं खळं. चैत्र शुद्ध तृतीया आमच्या मुक्कामातच आली. सासूबाई पुण्याहून निघतानाच रांगोळीचा डबा पिशवीत घालून आल्या होत्या, आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. तृतीयेच्या सकाळी मी उठून बाहेर आले तर त्या पाटावर बसून खळ्यात रांगोळी काढतायत. गुडघा दुखतो म्हणून पाट सरकवत सरकवत.

चैत्रगौर माहेरी येते ना, तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिच्यासाठी हे अंगण. सासूबाईंनी आधी गौर काढली झोपाळ्यात बसलेली, वर आंब्याचं तोरण. मग सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्मं, नाग, कासव, हत्ती, फणी-करंडा, कलश. एकही रेघ दोनदा नाही. चिमटीतून पूड सुटते ती एका जाडीची, कोपऱ्यावर क्षणभर थांबते आणि वळते. चाळीस वर्षं मी चित्रं काढतेय असं लोकांना सांगते, पण अशी रेघ माझ्या हातून येत नाही. बावीस वर्षं या घरात आहे आणि दर चैत्रात फ्लॅटच्या दारात ते पाहिलंय, पण दोन फुटांच्या फरशीवर. इथे त्यांना अख्खं खळं मिळालं होतं आणि त्यांचा हात सुटला होता.

लेकीला कासव काढायला दिलं. तिच्या कासवाचा मागचा पाय लांबच लांब गेला. ती पुसायला गेली, सासूबाईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "राहू दे. त्याला तळ्यापर्यंत जायचंय."

घरमालकीणबाईंकडे चैत्रांगण काढत नाहीत, त्या चहा घेऊन बाहेर आल्या आणि तशाच बसून राहिल्या. मग आत जाऊन कैरी घेऊन आल्या, दुपारी आंब्याची डाळ आणि पन्हं झालं, शेजारच्या चार बायका आल्या, हळदीकुंकू झालं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कित्येक वर्षांत बघितला नव्हता. सासरे गेल्यापासून तर नाहीच.

---

अनघा_ठाणे

वाचताना डोळ्यात पाणी. माझी आई काढायची, तिच्या पाठोपाठ मी शिकलेच नाही. आता छापील स्टिकर आणून दारात लावते दरवर्षी. नेमकी किती चिन्हं असतात गं? कुणी 51 म्हणतं, कुणी 64.

---

रंगपेटी

घराघरात वेगळं असतं. सासूबाई मोजत नाहीत, गौर आणि तोरण आधी, मग जागा भरेल तसं. त्या म्हणाल्या अनघाला सांग, पहिल्या दिवशी गौर, तुळस, स्वस्तिक, गोपद्मं एवढं काढलं तरी झालं, अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज एकेक वाढव. मी त्यांच्याकडून वहीत सगळी चिन्हं उतरवून घेतेय सध्या.

---

वेतोबाचो_झील

माका वाचून गावची आठवण इली. मी आरवलीकडचो, आता डोंबिवलीक. ताई, शीर्षकात सुरंगी लिवलास आणि खंय सुरंगी? त्याबद्दल लिवा.

---

रंगपेटी

लिहिते लिहिते, सुरंगी ठेवलीच होती शेवटी!

चौथ्या दिवशी वेंगुर्ल्याकडे निघालो होतो. काच खाली होती आणि एका वळणावर असा वास आला की नवऱ्याने न बोलता गाडी बाजूला घेतली. पुढे एक आजी टोपलीत वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, घेऊन बसलेल्या. सुरंगीची फुलं मी आधी नुसती वाळलेली पाहिली होती. ताजी म्हणजे पांढरी पाकळी आणि मधे केसरांचा दाट पिवळाधमक झुबका, आणि फांदीलाच चिकटून येतात. आजी म्हणाल्या पहाटे अंधारात झाडावर चढून कळे काढावे लागतात, उन्हं वर आली की उमलून जातात, मग वळेसर बांधता येत नाही. लेकीने एक फूल उचलून चिमटीत दाबलं तर आजी म्हणाल्या, "बाय, फुलां चोळू नको, काळी पडतत." पाच वळेसर घेतले. सासूबाईंनी एक माळला. बाकीचे रात्री उशाशी ठेवले होते. आज पंधरा दिवस झाले, वाळून तपकिरी झालेत पण माझ्या रंगांच्या कपाटात ठेवलेत आणि कपाट उघडलं की अजून वास येतो.

त्याच रात्री जवळच्या देवळात दशावताराचं नाटक होतं. अकराला सुरू होणार म्हणून जेवून गेलो, सुरू झालं बाराच्या पुढे. लिहिलेली संहिता नाही, कथा ठरलेली आणि संवाद तिथल्या तिथे रचतात, हे माहीत होतं, पण समोर बसून ऐकणं वेगळंच. एकाच पायपेटीवर आणि पखवाजावर अख्खी रात्र. नाटक सुरू होण्याआधी आम्ही मागे गेलो होतो, परवानगी घेऊन. प्रत्येक जण आपापला पेटारा उघडून, छोटा आरसा गुडघ्यांत धरून स्वतःचं तोंड स्वतः रंगवत होता. एक काका द्रौपदी करणार होते. पन्नाशीचे, दिवसा शेती करतात. त्यांनी भुवई काढली ती मी बघितली, एका दमात, कानापर्यंत. तीच रेघ. गंजिफातल्या मुलीची, चित्रकथीतली, सासूबाईंची. आता मीही पेन्सिल न घेता, न पुसता काढायचं ठरवलंय.

लेक दोनला माझ्या मांडीवर झोपली. सासूबाई पहाटेपर्यंत जाग्या होत्या.

---

सान्टाक्लारा_सुमेध

नमस्कार. इथे कॅलिफोर्नियात आमच्याकडे पण आत्ता सगळं फुललंय, मॅग्नोलिया होऊन गेला, आता डोंगरउतारांवर केशरी पॉपी. माझी बायको दर चैत्रात गॅरेजच्या सिमेंटवर खडूने चैत्रांगण काढते, मागच्या वर्षी शेजारच्या मेक्सिकन आजी येऊन विचारून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अंगणातली फुलं आणून त्या गौरीपुढे ठेवून गेल्या. तुमचा धागा तिला वाचून दाखवला. ती विचारतेय सासूबाई हत्ती कसा काढतात, तिला तो जमत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. पेन्सिल न वापरणं चांगलंच, पण मी स्वतः स्केचिंग शिकतोय आणि मला पेन्सिलशिवाय धीरच होत नाही. शिकणाऱ्याने पुसू नये हे जरा कठोर नाही का?

---

रंगपेटी

सुमेध, अहो बिलकुल वापरा पेन्सिल. मी क्लासमध्ये मुलांना पेन्सिलच देते. हे मी माझ्यापुरतं बोलतेय. माझ्या लक्षात आलं की गेली दोन-तीन वर्षं मी प्रत्येक चित्र आधी इतकं आखून घेत होते की रंग लावेपर्यंत माझ्यातला झाडाबद्दलचा आनंदच निघून गेलेला असायचा. तुमची शिकायची वेळ आहे, भरपूर पुसा.

हत्ती: सासूबाई आधी सोंड काढतात. सोंडेपासून सुरू करून तीच रेघ कपाळ, पाठ, शेपूट अशी पुढे नेतात आणि पाय सगळ्यात शेवटी. पोटापासून सुरू केला की बैल होतो म्हणाल्या. वहिनींना नमस्कार सांगा, आणि त्या मेक्सिकन आजींनाही.

---

मानसी_के

आमची मुलं सात आणि पाच वर्षांची, पिंगुळीला कंटाळतील का? आणि आता मेमध्ये गेलं तर चालेल का, की फार उकडेल?

---

रंगपेटी

मानसी, बाहुल्या बघून मुलं कंटाळणार नाहीत, आधी फोन करून जा म्हणजे खेळ बघायला मिळेल. मेमध्ये उकाडा असतोच, पण रातांबे, फणस, आंबे सगळं असतं. सकाळी लवकर फिरा, दुपारी पडवीत झोपा.

घरी आल्यावरचं थोडंसं. मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीकडे घरगुती मैफल होती, वीस-पंचवीस माणसं, तिच्या गुरुभगिनी बसंत राग गायल्या. तानपुरे जुळवण्यातच पंधरा मिनिटं गेली आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली. वरच्या षड्जावर आवाज टेकला तेव्हा मला ते आंबोलीतलं निळं झाड दिसलं. आणि परवा बालगंधर्व कलादालनात तरुण मुलांचं प्रदर्शन बघितलं, त्यात एका मुलाने पुण्यातल्या तोडलेल्या झाडांचे नुसते बुंधे काढले होते, कोळशाने. तिथून लवकर निघता आलं नाही.

काल सासूबाईंना विचारून बाल्कनीत मी गौर काढली, पहिल्यांदाच, त्यांच्या डब्यातल्या रांगोळीने. झोपाळ्याची एक दोरी जाड झालीय. त्यांनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, त्याच्या शेजारी बसून तुळस काढायला लागल्या.

---

अनघा_ठाणे

मी आज दारातला स्टिकर काढला. गौर, तुळस, स्वस्तिक, दोन गोपद्मं. सासूबाईंना सांग.

---

वेतोबाचो_झील

गावात फोन केलंय. सुरंगी आता आठ-दहा दिवसच, वरच्या बाजूक अजून हा. कोणाक येवचा असात तर ह्या शनिवार-रविवारीच येवा, आणि सकाळी आठाच्या आत. नंतर वळेसर गावाचे नाय.